अठरा नंबरची बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या सरांनी मला दगड ओळखायला शिकवलं त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण समोर एक कोरा कागद पडलाय, त्यावर मला दुसरंच काही लिहायचं आहे आणि आठ दिवस झाले, हात चालत नाही.

ते दुसरं काय, ते आधी सांगते. मी विद्यापीठात भूशास्त्र विभागात शिकवते. दरवर्षी आमचा विभाग एक छोटी पुस्तिका काढतो. वर्षभरात काय काय झालं, कोणी काय मिळवलं — त्याच्या बातम्या. यंदा जुळवाजुळव माझ्याकडे आहे. नवीन सूक्ष्मदर्शक आलं, ते लिहून झालं. एका विद्यार्थ्याला राजूरकडच्या कोळशाच्या थरात पानाचा सुरेख ठसा सापडला, तेही लिहिलं, फोटोसकट. तिसरी बातमी माझीच आहे. केळापूर तालुक्यातल्या एका तांड्यावर जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड झपाट्यानं वाढल्याचं आमच्या विभागानं शोधून काढलं, त्याची बातमी. सर म्हणाले, "तीन ओळी पुरे. जास्त फुलवू नको."

तीन ओळी. तेवढ्याही लिहवत नाहीत.

मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. हे मी लपवत नाही, उलट जिथं तिथं सांगते. माझ्या बापानं आयुष्यभर कापूस आणि तूर पेरली, आजोबांच्या वडिलांनी बैलांवर मीठ लादून गावोगाव नेलं. आम्ही तांड्यावरची माणसं. आठवीनंतर शाळा लांब पडायला लागली तेव्हा बाप मला घरी बसवणार होता. मासीनं — आमच्या बोलीत मावशीला मासी म्हणतात — मला तिच्या तांड्यावर नेलं. तिथून शाळा जवळ होती. चार वर्षं मी तिच्याकडे राहिले. सकाळी उठून ती माझी भाकर करायची आणि मग डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन उतार उतरून नाल्याकाठच्या विहिरीवर जायची. त्याच विहिरीचं पाणी मी चार वर्षं प्यायले.

माझे दात पांढरेशुभ्र आहेत. हे आताच कशाला सांगते? पुढं कळेल.

आता मुद्द्यावर येते. येते — पण अजून थोडं बाजूनंच.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी प्रबंधासाठी पाणी निवडलं. पांढरकवड्याच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या हापशांचं पाणी तपासायचं, कुठं फ्लोराइड किती ते नकाशावर मांडायचं. फ्लोराइड दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं. खोल खडकातून येतं म्हणून जुन्या उथळ विहिरींपेक्षा खोल बोअरच्या हापशीत जास्त निघतं. फार झालं की आधी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात. मग गुडघे. मग कंबर. एकदा हाड वाकलं की सरळ होत नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते मी त्यावर.

तर बारा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. विभागाची जीप. पुढं सर आणि ड्रायव्हरकाका, मागं मी आणि मृणाल. मृणाल माझी वर्गमैत्रीण, शहरातली. मनानं चांगली मुलगी, आजही माझी मैत्रीण आहे. तिला वाटायचं, माझं घर पांढरकवड्यातच आहे, वडिलांचा काहीतरी कारभार असेल. आडनावावरून काही कळत नाही आमच्या. तीच आडनावं इतरांचीही असतात. मी कधी खोटं बोलले नव्हते. तिनं जे समजून घेतलं ते तसंच राहू दिलं, एवढंच. एवढंच का?

आदल्या दिवशी स्टँडवर एक म्हातारी बसली होती. आमच्यातली. आरशांचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केसांना लटकलेली चांदी. मृणालनं न विचारता तिचे चार-पाच फोटो काढले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आणखी काढा बाई, सर्कस उद्या दुसऱ्या गावी जाईन." सगळे हसले. म्हातारीनं आमच्याकडे पाहिलं आणि आमच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मृणालनं मला विचारलं, "काय म्हणाली गं? तुझ्याच भागातले ना हे लोक? कळतं का तुला?"

"थोडंफार," मी म्हणाले.

थोडंफार! म्हातारी म्हणाली होती, 'तुझ्या आईचा फोटो काढ, बाई.' शब्द न् शब्द कळला होता मला. ज्या बोलीत आईनं मला अंगाई म्हटली ती बोली मला थोडीफार कळते, असं मी सांगितलं. आणि हो, मीही हसले होते. सगळ्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी यादीत शेवटचे दोन नमुने होते. सतरा नंबर हायवेच्या फाट्यावरची हापशी. अठरा नंबर फाट्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेनं पाऊण तासावरचा तांडा. मासीचा तांडा. यादी मीच केली होती. करताना अभिमानानं केली होती — माझ्या मासीच्या तांड्याचं पाणी मी तपासणार! तेव्हा कुठं ठाऊक होतं की जीपमध्ये मृणाल असेल, आणि आदल्या दिवशी स्टँडवर ती म्हातारी बसलेली असेल?

सतरा नंबरचा नमुना सगळ्यांदेखत घेतला. आधी पाच मिनिटं हापसायचं, नळीतलं शिळं पाणी जाऊ द्यायचं. मग प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची, झाकण घट्ट लावायचं, नंबर टाकायचा. सर याबाबतीत फार कडक. मी माझी प्यायची बाटलीही तिथंच भरून घेतली. ऊन मी म्हणत होतं.

मग मी म्हणाले, "सर, पुढं जीप जाणार नाही. नाला आहे, चाकं रुततील. मी पायी जाऊन आणते. तुम्ही ढाब्यावर चहा घ्या."

जीप गेली असती. नाला कोरडा ठणठणीत होता. सर म्हणाले, "तू इथलीच, तुला बरोबर माहीत." मृणाल यायला निघाली तर मी म्हटलं, "कशाला उन्हात? काळी पडशील." ती बसली.

तुम्ही म्हणाल, एकटीच गेली होतीस ना, मग भ्यायचं काय होतं? हेच तर मला स्वतःला नीट सांगता यायला इतकी वर्षं लागली. मासी मला एकटीला परत येऊ देणार नव्हती. जीपमध्ये गुरुजी बसलेत म्हटल्यावर ती घरात थांबली असती का? ठेवणीतला घागरा नेसून, बांगड्या वाजवत, डोक्यावर काहीतरी गाठोडं घेऊन ती माझ्यासोबत फाट्यापर्यंत आली असती. सरांच्या पाया पडली असती. मृणालला छातीशी धरून आमच्या बोलीत बोलली असती. आणि मृणालनं आधी तिच्याकडे पाहिलं असतं, मग माझ्याकडे.

तांड्याच्या थोडं अलीकडे एक मोहाचं झाड आहे. तिथून तांडा दिसतो. मी तिथं बसले. मासीचं टिनाचं छप्पर चमकत होतं. हापशीचा आवाज येत होता, कर्र-कर्र, कोणीतरी बाई हापसत होती, लाल घागरा दिसत होता. मासी होती का ती? असेल. नसेलही. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकं अंतर होतं.

मी पिशवीतून अठरा नंबरची रिकामी बाटली काढली. माझ्या प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. फाट्याचं पाणी. सतरा नंबरचं. आणि — हे मला सगळ्यात जास्त छळतं — आधी तीनदा विसळून घेतली. कोणी बघत नसताना, खोट्या नमुन्यासाठी, रीतसर तीनदा. मग भरली. झाकण घट्ट लावलं. नंबर टाकला. सुंदर अक्षरात.

थोडा वेळ बसून राहिले, जाऊन आल्याइतका. मग परत फिरले.

झालं. हेच ते. एका बाटलीची गोष्ट.

प्रयोगशाळेत दोन्ही नमुने मर्यादेच्या आत निघाले. निघणारच. सरांनी आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि खूश झाले. "सतरा आणि अठरा अगदी सारखे! म्हणजे एकाच थरातलं पाणी. लिही हे." मी लिहिलं. एक परिच्छेद लिहिला, खडकाचा थर कसा फाट्यापासून तांड्यापर्यंत सलग गेलाय यावर. नकाशावर अठरा ठिपके काढले. वाईट पाण्याचे लाल, चांगल्याचे हिरवे. मासीच्या तांड्याचा ठिपका हिरवा. विभागाच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो नकाशा छापला. सर्वोत्कृष्ट प्रबंध माझा ठरला. पुढं नोकरी लागली ती त्याच्याच जोरावर.

मी तेव्हा काय म्हणत होते मनाशी? की तांड्यावर हापशीचं पाणी पितंच कोण? आणि ते खरंही होतं. त्या हापशीवर गुरं पाजायचे, कपडे धुवायचे. प्यायला नाल्याकाठची विहीर. जुन्या बायांचा खोल बोअरवर विश्वासच नव्हता. मी स्वतःला सांगितलं, काही बिघडत नाही. एक ठिपका तर आहे.

पण नकाशा विभागानं सरकारी खात्याला दिला. खात्याची माणसं रंगाचे डबे घेऊन निघाली. वाईट हापशांना लाल पट्टा, चांगल्यांना हिरवा. मासीच्या तांड्यावरच्या हापशीला हिरवा पट्टा मारला. आणि मासीला कळलं की हे पाणी तिच्या पोरीनं तपासलंय.

ती घरोघर गेली. मला नंतर नायकानं, म्हणजे तांड्याच्या मुख्यानं, हसत हसत सांगितलं. म्हणे, तुझी मासी तर आठ दिवस ऐकतच नव्हती कोणाचं. "कायले उतरता वो खाली? कायले कंबर मोडून घेता? माह्या पोरीनं पाहेलं हाय पाणी, तिचं नाव हाय त्या कागदावर!" एक म्हातारी अडून बसली, मले विहिरीचंच पाहिजे म्हणाली. तर मासीनं तिला हापशीवर नेलं आणि आधी स्वतः ओंजळभर प्यायली. "पाह्य, मेली का मी?"

बायांनी उतार उतरणं सोडलं. विहीर गाळानं भरत गेली. आठ वर्षं.

त्या आठ वर्षांत मी तांड्यावर किती वेळा गेले? मोजून दोनदा, तेही उभ्या उभ्या, हातात गाडीची किल्ली. मासी पाणी द्यायची. मी म्हणायचे, बाटली आहे माझ्याजवळ. कळत होतं का मला? इतकं सरळ नव्हतं ते. ती बाटली मी विसरून गेले होते. खरंच विसरले होते. तरी तिच्या हातचं पाणी मात्र घेत नव्हते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मग तांड्यावरच्याच एका लग्नाला गेले आणि मुक्काम करावा लागला. सकाळी मासीची नात माझ्याजवळ येऊन बसली. लक्ष्मी. आठ वर्षांची, नुकतेच पुढचे दात आलेले. तिनं मला पाढा म्हणून दाखवला आणि हसली.

दातांवर तपकिरी पट्टे होते.

मी तिला म्हटलं, "जरा चालून दाखव बरं बाळा, दारापर्यंत." ती चालली. गुडघे एकमेकांना घासत होते. मासी आतून म्हणाली, "तशीच चालते ते, बदकावानी. माह्यासारखी झाली." मी मासीकडे पाहिलं. ती चुलीपुढं बसली नव्हती, उभ्यानं वाकून फुंकत होती. "बसता येत नाही का मासी?" "बसता येते वो, पण मग उठवाले दोन माणसं लागते." आणि स्वतःच खदखदून हसली. "म्हातारपण आलं, दुसरं का?"

पंचावन्नचीही नव्हती ती.

लग्नाच्या मांडवातून उठून मी हापशीवर गेले. रिकामी पाण्याची बाटली होती, ती विसळली. तीनदा. भरली. आकडा मर्यादेच्या दुपटीहून वर निघाला. पुन्हा तपासला, पुन्हा तेवढाच.

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? दार उघडंच होतं. मी सरांच्या खोलीत गेले आणि तोंडातून निघालं, "सर, अठरा नंबरचं फ्लोराइड वाढलंय."

वाढलंय. एका शब्दानं मी निसटले. काही वाढलं नव्हतं हो. खडक तोच, पाणी तेच, पहिल्या दिवसापासून तेच. पण सर खुर्चीतून उठले. "आठ वर्षांत एवढं? अगं, हे मोठं आहे! तुझं जुनं रीडिंग होतं म्हणून तर कळलं!" आम्ही दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. तो छापून आला. प्रकल्प मंजूर झाला. आज आमच्या विभागातली एक पोरगी, तीही तिच्या घरातली पहिलीच शिकलेली, दोन वर्षांपासून त्या वाढीचं कारण शोधते आहे. उन्हातान्हात हिंडते, खडकाचे तुकडे आणते, मला दाखवते. "मॅडम, काही सापडत नाही हो. माझंच काही चुकतंय का?" आणि मी तिला म्हणते, बघ अजून, मिळेल.

तांड्यावर हिरव्या पट्ट्यावर लाल रंग मारला. मी स्वतः उभी राहून मारून घेतला. सगळ्यांना सांगितलं, पाणी बिघडलंय, आता पिऊ नका. विहीर उपसायला लावली. त्याबद्दल नायकानं मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीनंही वाजवल्या, मासीच्या कमरेला टेकून. घरी आल्यावर मासीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जमिनीच्या पोटातलं कोणाले दिसते, बेटा? तू होती म्हणून समजलं तरी. नाही तं आम्ही पेतच राह्यलो असतो."

मी होते म्हणून.

विहिरीवर जायला आता तिला जमत नाही. सून आणते. लक्ष्मी अकरा वर्षांची झाली. शाळेत कबड्डीत तिला घेत नाहीत. ती कडेला बसून गुण मोजते. डॉक्टरांना दाखवलं, मीच नेलं होतं. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, किती वर्षं प्यायली ते पाणी? मासी म्हणाली, जन्मल्यापासून. मी शेजारी उभी होते.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा मासीनं भिंतीकडे बोट दाखवलं. तो नकाशा, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा, तिनं जपून ठेवलाय. कडा पिवळ्या पडल्यात, धुरानं काळपट झालाय, वर एक मोरपीस खोचलंय. तिला वाचता येत नाही. पण तिला नेमकं ठाऊक आहे कुठला ठिपका आपला. लक्ष्मीला उचलता येत नाही आता तिला, म्हणून स्टुलावर उभं केलं आणि सांगितलं, "हे पाह्य. हा आपला तांडा. हिरवा. तवा पाणी चांगलं होतं आपलं. तुह्या आत्यानं काढेल हाय हे."

लक्ष्मीनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

त्या ठिपक्याचं पाणी तांड्याचं नव्हतंच कधी.

आज मी तिसरी बातमी लिहिली. तीन ओळींत बसली. अठरा नंबरचा नमुना खोटा होता. तो मी तांड्यावरून घेतला नव्हता. फ्लोराइड वाढलेलं नाही, ते पहिल्यापासून होतं. माझा प्रबंध आणि नंतरचा शोधनिबंध, दोन्ही मागं घ्यावेत. खाली नाव लिहिलं, त्याच सुंदर अक्षरात. हा कागद उद्या सरांच्या टेबलावर जाईल. त्या पोरीला मी स्वतः सांगेन की तिचं काही चुकत नव्हतं.

पण त्याआधी सकाळी तांड्यावर जायचं आहे. सरांना पत्र देता येतं. मासीला वाचता येत नाही. तिला हे मलाच सांगावं लागेल — हापशीपाशी उभं राहून, लक्ष्मीच्या देखत, आमच्या बोलीत. ती बोली मला पूर्ण येते.